जांभळ्याच्या अलीकडे

कॉलेजच्या गच्चीवर रडारचा पांढरा घुमट,
खाली दोन मजले उतरून पंखा बिघडलेली खोली, मी,
आणि पडद्यावर अक्कलकोटच्या अंगानं चढत आलेला
एक ढग.
हिरवा. मग पिवळा. मग लाल.
लालाच्या पोटात जांभळा उमटायच्या आत
विमानाला माघारी बोलवायचं,
एवढीच माझी नोकरी.

वर कॅप्टन बेळ्ळियप्पा.
पंखांना मिठाची नळकांडी, चोवीस.
ढगाच्या तळाशी जाऊन एकेक पेटवायचं,
वर चढणारी हवा तो धूर आत ओढून घेते.
हवा ओढून घेते म्हणून तर जायचं तिथं.
ती माणूस बघून ओढत नाही.

गावात म्हणतात, हे विमान ढग पळवून लावतं.
विजापूर वेशीत रिक्षावाल्यानं विचारलंच,
"ताई, तुम्ही त्या पाऊस हाकलणाऱ्या ऑफिसात की ओ?"
मी हो म्हटलं, सुटे पैसे मोजले.
काय सांगायचं, की ढग म्हणजे हाकलायचं गुरू नव्हे,
चाळीस हजार फुटांची गिरणी आहे ती, तिन्ही पाळ्या चालू;
पाणी वर जातं, गोठून खाली येतं,
पुन्हा वर फेकलं जातं, पुन्हा खाली,
दर फेरीला एक पापुद्रा जास्त,
कांद्यासारखा.

वडील पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणायचे.
धागा तुटायच्या आधी धोट्याचा आवाज पातळ होतो,
असं ते म्हणत. मला कधी ऐकू आला नाही.
"तुटल्यावर माग कोण बी थांबवतंय, निर्मला."

त्या दिवशी चार वाजून अकरा मिनिटांनी
बेळ्ळियप्पा म्हणाले, "दोन राहिलीत. एक फेरी मारू?"
पडद्यावर लाल होता. जांभळा नव्हता.
रडारला आख्खं आभाळ चाळायला साडेसात मिनिटं लागतात.
म्हणजे मी बघत होते तो ढग
सहा मिनिटांपूर्वीचा होता.
हे मला माहीत होतं.
मी म्हटलं, मारा.

खरखर.
मग नुसतीच खरखर.
पडदा नवा झाला:
जांभळा, तळहाताएवढा,
आणि त्याच्या आत विमानाचा ठिपका.

मी बटण दाबून बोलत राहिले, डावीकडे वळा, डावीकडे,
बटण दाबलेलं असलं की पलीकडचं ऐकू येत नाही
हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
कुरापाटी सरांनी माझं बोट उचललं.
तेव्हा आवाज आला, अगदी सपाट,
बँकेत खातं नंबर सांगावा तसा:
"नाक खाली आहे. तरी वर जातोय.
नाक खाली. तरी वर."

होटगी रोडवर वाऱ्याची पिशवी
एका मिनिटात उलटी फिरली.
पहिल्यांदा उतरता आलं नाही, दुसऱ्यांदाही नाही.
तिसऱ्यांदा चाकं टेकली, ती मी पाहिली नाहीत;
मी जिन्यात होते, पायऱ्या मोजत.

संध्याकाळी गेले. नाकावरचा रंग सोललेला,
पत्रा तांबटाच्या हातोडीखालून निघाल्यासारखा.
बेळ्ळियप्पा शिडीच्या पायरीवर बसून
कडक भाकरी मोडत होते.
भाकरी मोडत होती, चटणीपर्यंत पोचत नव्हती.
"पाऊस पडला का?" त्यांनी विचारलं.
"वळसंगला थोडा," मी म्हटलं. खरं तर विचारलं नव्हतं कुणाला.

ख्वाजासाब मेकॅनिकनं उजव्या पंखाचं टोक दाखवलं:
शेंगदाण्याएवढं भोक, कडा वितळलेल्या.
"वीज इथनं बाहेर गेली."
"आणि आत कुठून आली?"
"तेच शोधतोय. बॅटरी धरा जरा, ताई."

मी बॅटरी धरली.
उजेड हलत होता.
तो म्हणाला, "दोन्ही हातांनी धरा."