पाच बटणं

बाबा लिफ्टमध्ये शिरले की कोपऱ्यात उभे राहतात,
हात पाठीशी बांधून.
कुणीतरी येईल, तोवर.
नाहीच आलं तर सात मजले जिन्याने.

ओसाकात आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं,
नागामोरी बेल वाजवत नाहीत,
दारावर टकटक करतात.
आई म्हणायची, सवय आहे त्यांची.
जल्लाद हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नाही.
बाबा तुरुंगखात्यात होते.
वक्तशीर.

काल रात्री माझ्या इथल्या स्वयंपाकघरात,
बाहेर नॉर्वेचा न मावळणारा उजेड,
हेरिंग साफ करता करता ते बोलले.
सत्तावीस वर्षांनी.
तेही माझ्याशी नाही, माशाशी.

"भिंतीत पाच बटणं. आम्ही पाच जण.
खूण झाली की सगळ्यांनी एकदम दाबायचं.
तार एकाचीच, खालच्या फळीला.
कुणाची, ते सांगत नाहीत."

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
पाच अंगठ्यांत कोण असतं?

"त्याला त्याच सकाळी सांगतात.
तोवर रोज तो पावलं ऐकतो.
पावलं दारावरून पुढे गेली, की एक दिवस मिळाला.
मला वाटलं, निदान माझ्या बुटांना रबर लावून घेऊ.
तर आवाजच येईना,
म्हणून तो दिवसभर कान देऊन बसायला लागला.
काढून टाकलं मग रबर."

त्याने काय केलं होतं, मी विचारलं.
"तंबाखूच्या दुकानातली म्हातारी.
आणि तिची नात.
नात तेव्हा तुझ्याएवढी."
सुरी नळाखाली धरली त्यांनी, बराच वेळ.
पाणी स्वच्छ यायला लागलं तरी.

त्या दिवशी पाकीट मिळतं, आणि दुपारची सुट्टी.
मला आठवते ती दुपार.
बाबा लवकर घरी, हातात पुडकं,
पुडक्यात लाल रेनकोट,
समोर ओळीने पाच टिचबटणं.
लावून द्या ना, मी म्हणाले.
"आई येऊ दे."
मग मीच लावली, काढली, लावली.
संध्याकाळभर घरात
टिच. टिच. टिच. टिच. टिच.

आज एइविन्द आम्हाला त्याच्या बेटावर घेऊन गेला.
तो तिथे पहारेकरी,
पण त्याच्यापेक्षा जास्त चाव्या कैद्यांकडे.
बोटही कैदीच चालवतात.
दोर सोडणारा रोआर,
हातांवर रंगाचे डाग, कानात लोकरीची टोपी ओढलेली.
"याने काय केलं?"
मेहुण्याला मारलं. कुऱ्हाडीने.
"किती वर्षं?"
चौदा. मग घरी.
बाबा समुद्राकडे बघत राहिले.
"आणि त्या मेलेल्याची आई?"
गावातच असते. कधी कधी धक्क्यावर येते.
"काय करते?"
बघते, बोट निघेपर्यंत.
"मग?"
मग घरी जाते.
बाबांनी मान हलवली.
होकार होता की नकार, मला कळलं नाही.
मी त्यांची मुलगी असून.

बोटीत कॉफीचं यंत्र होतं.
बाबा त्याच्यापुढे उभे, कप खाली ठेवलेला,
हात पाठीशी.
मी उठणार, तेवढ्यात रोआर आला,
म्हाताऱ्याला यंत्र कळत नाहीये असं समजून हसला,
आणि अंगठ्याने दाबलं.
बाबांनी कमरेत वाकून आभार मानले,
जरा जास्तच खोल.
रोआर गोंधळला. तोही वाकला.
कॉफी कडू होती. बाबांनी पुन्हा घेतली.
पुन्हा त्यालाच बोलावून.

रात्री लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.
मी सातावर बोट ठेवलं.
दिवा माझ्या बोटाखाली लागला.
बाबा त्या दिव्याकडे बघत होते,
तिसरा मजला गेला, चौथा गेला,
हेवा वाटावा तसे.