साक्ष

कोपरखैरण्यात आमची मंडळी भरते
भाड्याच्या शाळेत, चौथी 'ब'च्या वर्गात.
फळ्यावर शनिवारचा भागाकार तसाच असतो,
पुसू नये म्हणून बाईंनी खडूची चौकट केलेली.
पाळकसाहेब त्या चौकटीपुढे उभे राहून आशीर्वाद देतात.

साक्षीची वेळ झाली की एकेक जण उठतो.
उजागरे वहिनींची गाठ साधी निघाली.
सॅमसनला सिडकोच्या सोडतीत घर लागलं.
प्रभूची स्तुती असो,
आणि कीबोर्डवरचा पोरगा दोन सूर दाबून धरतो
आनंद शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर.

मी आठ महिने उठले नव्हते.

माझा भाऊ शांतवन, रबाळ्याच्या कंपनीत रात्रपाळीला.
नाव ठेवताना आईला वाटलं असेल,
घरात एक तरी सांत्वन चालतंबोलतं असावं.
कंपनीनं पाकीट दिलं, त्यात त्याचं घड्याळ,
चालू.
लोकांनी दिलं ते असं: देवाची योजना, ताई.
वर त्याची गरज होती.
वर कुठला रिॲक्टर तापलाय
ज्याचा व्हॉल्व्ह माझ्याच भावानं फिरवायचा होता?

हे मी रात्री ऐरोलीच्या घरात विचारायचे,
मोरीच्या जाळीतून, खाडीकडे तोंड करून.
वारा यायचा, औषधाच्या वासाचा. तेवढंच उत्तर.
देवाशी गोड बोलावं असं लहानपणी शिकलेली मी;
मला वाटायचं, आपली प्रार्थना सुटली.

त्या रविवारी उठले. हातात कागद नव्हता.
म्हटलं, माझी साक्ष अशी, की तू ऐकत नाहीस.
आई अजून दोन ताटं वाढते, एक झाकून ठेवते.
मेलेल्यांना तू हाक मारून उठवलंस म्हणे.
याला का नाही मारलीस?
नाव जड होतं का तुझ्या जिभेला?
तू वाईट आहेस असं म्हणवत नाही,
चांगला आहेस हे तोंडातून निघत नाही.
आणि तरी हे मी शेजारणीला सांगत नाहीये.
तुलाच सांगतेय.

शेवटचं वाक्य माझं मलाच नवीन होतं.
मी खाली बसले.

पोरानं हात मांडीवर घेतले.
पंखा. खाली कुणाची तरी रिक्षा.
चौकटीतल्या भागाकाराला बाकी लिहायची राहिली होती.

मग मागून, चौथीच्या बाकात गुडघे मावत नाहीत
म्हणून आडवे बसणारे रणदिवे काका,
दोन लेकरं पुरलेले, कधीच साक्ष न दिलेले,
म्हणाले, "आमेन."
मोठ्यानं नाही. पावती फाडून हातात द्यावी तसं.
मग आणखी कुणी.
उजागरे वहिनी रडत होत्या, बऱ्या झालेल्या.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं.
ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
म्हणाली, पुढच्या रविवारी मी येते,
मलाही बोलायचंय त्याच्याशी.
ताट मात्र झाकलंच तिनं.