दोन रुपये जास्त

मार्च संपायला तीन दिवस.
उदगीरच्या उन्हाला कुणाची मंजुरी लागत नाही.
वाचनालयात मी किर्द उघडून बसले आहे,
वरचा पंखा बंद,
कारण वीजबिलाची तरतूद ऑक्टोबरातच संपली.

ग्रंथ, नियतकालिकं, बांधणी, वेतन, भाडं, किरकोळ.
मला किरकोळ आवडतं.
त्यात डिंक आहे, उंदरांचं औषध आहे,
उन्हाळ्यातला माठ आहे.
माझं वेतनही त्यातच बसलं असतं,
पण ते वेगळं दाखवावं लागतं.

अनुदानाचा पहिला हप्ता दिवाळी होऊन गेल्यावर आला.
दुसरा वाटेवर आहे, असं मन्मथप्पा म्हणतात,
आमचे सचिव, कापडदुकानदार,
आणि म्हणताना लातूर रस्त्याकडे बघतात,
जणू हप्ता एस्टीनं येणार आहे
आणि कंडक्टर त्यांच्या ओळखीचा आहे.

लोखंडी कपाटात सगळ्यात खाली पहिली किर्द आहे.
निम्मी उर्दूत, निम्मी मोडीत,
रुपये हाली सिक्क्याचे.
मागच्या पानावर कुणीतरी कोष्टक मांडलंय:
सात हाली म्हणजे सहा कळदार.
त्या वर्षीही शिल्लक नव्हती.
निजाम गेला. बीदर जिल्हा होता, तो उस्मानाबाद झाला,
मग लातूर.
अखेरची शिल्लक तेवढी कुठं गेली नाही:
निरंक, निरंक, निरंक,
प्रत्येक चिटणिसाच्या वेगळ्या अक्षरात.

यंदा मात्र दोन रुपये जास्त निघाले.

हिशेब तपासायला आलेला वैजनाथ, कोवळा पोरगा,
घाम पुसत म्हणाला,
"बाई, कमी आले असते तर मी समजून घेतलं असतं.
कमी तर सगळीकडंच पडूलालंय.
हे जास्त कुठून आले?"

चार वेळा बेरीज केली. खालून वर, वरून खाली.
पेटी उलटी केली, ठोकली.
मग आठवलं.

संक्रांतीच्या आसपास तोंडारहून कुशावर्ता आली होती,
आईचं पुस्तक परत करायला.
अंजिराबाई, सभासद क्रमांक चारशे बारा,
शिवणकामाचं पुस्तक, नऊ वर्षं थकलेलं.
समासात पेन्सिलीनं मापं:
पोस्टातली, झंपर, छाती छत्तीस, बाही नऊ.
मास्तरीणबाई, गळा मागून खोल नको.
धाकटी जाऊ, एक माप खोडलेलं,
शेजारी दुसरं, आणि बारीक अक्षरात: बाळंतपणानंतर.
पानोपानी बायका उभ्या,
हात किंचित वर केलेल्या, श्वास धरलेल्या.

रोजचे दहा पैसे, नऊ वर्षं,
तीनशे अठ्ठावीस रुपये सत्तर पैसे.
पण किमतीपेक्षा जास्त दंड घेता येत नाही, असा नियम आहे.
किंमत अठरा.
तिनं वीसची नोट दिली.
सुटे नव्हते.
खाली जीप हॉर्न मारीत होती.
"राहू द्या," म्हणाली, आणि जिना उतरली.

पावती अठराची. पेटीत वीस.

"किरकोळ जमा लिहून टाका," वैजनाथ म्हणाला,
त्याला चारची गाडी होती.
मी लेखणी टेकवली सुद्धा.
मग देणगीचं पावतीपुस्तक काढलं.
कार्बन जुना, म्हणून दाबून लिहिलं:
कै. अंजिराबाई, मु. तोंडार,
अक्षरी रुपये दोन फक्त.
मन्मथप्पांनी सही करायच्या आधी
चष्मा वर करून आकडा बघितला,
पुढची शून्यं खरडली गेली की काय म्हणून.

दारातल्या पाटीवर हजार एकच्या पुढची नावं लागतात.
ती रंगवायलाही पैसे नाहीत,
म्हणून सध्या सगळेच दाते सारखे.

पानांवर लिहिलेलं पुस्तक बाद यादीत घालायचं असतं.
दाखल अंक दोन हजार नऊशे सहा,
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, वापरात.
खोटं नको म्हणून संध्याकाळी ते घरी नेलं,
माझ्याच कार्डावर.

शिल्लक जुळली. निरंक.
वैजनाथला चारची गाडी मिळाली नाही,
साडेपाचची मिळाली असेल.
दुसरा हप्ता अजून वाटेवर आहे.