उशीर

"आठवडाभर उशीर झाला," वेंडेल म्हणाला,
कुंपणाच्या तारेत अडकलेली बाही सोडवत.
मागच्या रविवारी रोझाल्बाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता,
त्याच्या आधीच्या रविवारी माझी पाठ धरली होती.
डोंगराला काय त्याचं.

या डोंगराला शेंडा नाही.
वर टेबलासारखं सपाट, काळा दगड,
आणि दगडावर इतकं पिवळं सांडलेलं
की रोझाल्बा म्हणाली, "पुसून घ्या रे कुणीतरी!"

वेंडेल एकतीस वर्षं टपाल वाटत होता.
फुलांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, पत्ते राहतात.
पॉपी : उतारावर, उन्हाच्या बाजूला.
ल्युपिन : शेजारीच, भिंतीला भिंत लावून.
हे बारीक पांढरं : डबक्याच्या काठची पहिली गल्ली.
आणि ते पिवळं
पाणी आटेल तसं आत आत सरकतं,
दर आठवड्याला घर बदलतं,
"अशा लोकांनी पोस्टमनला म्हातारं केलं."

वाटेत गाय. तोंडातून पिवळं लोंबतंय,
हलायला तयार नाही.
रोझाल्बा माझ्या मागे लपली.
"अगं, तुझा बाप डेअरीवर होता ना?"
"म्हणूनच तर," ती म्हणाली.

पाहुआ पहिल्यांदाच आली होती, रोझाल्बाच्या ओळखीनं.
चालताना बोलत नव्हती.
एका झुडपापाशी मात्र वाकली,
इथे तोडायला बंदी, म्हणून नुसतं बोट लावलं पानाला.
"आई ही भाजी करायची. किंवा हिच्यासारखीच कुठलीतरी.
नदीपलीकडे, मी जन्मायच्या आधी."
मग पुन्हा गप्प.

धबधब्याचा आवाज आधी येतो, मग तो दिसतो,
असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं.
आवाज आलाच नाही.
कड्याच्या टोकाशी पोटावर आडवे होऊन
आम्ही चौघांनी खाली माना घातल्या :
एक दोरा.
तोही अर्ध्यावर वाऱ्यानं उचललेला,
तळ कोरडा, दगडांवर नुसता ओलेपणाचा डाग.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
एवढं चालून आलो म्हणून असेल.

पाहुआनं केळीच्या पानातला चिकट भात सोडला,
आणि मिरचीची चटणी, जिनं वेंडेलच्या डोळ्यांतून
धबधब्यापेक्षा जास्त पाणी काढलं.
नाक पुसत त्यानं समोरच्या कण्याकडे बोट केलं,
जिथे ते गाव होतं, आगीच्या आधी.

"टपाल येतच राहिलं," तो म्हणाला.
"विजेची बिलं, बियाणांची सूचीपत्रं.
पत्ता असायचा, घर नसायचं.
पायऱ्या तेवढ्या. कुठेच न जाणाऱ्या.
मग एका सकाळी, राखेत, एक खांब.
खांबावर नवी कोरी पेटी, हिरवी, रंग ओघळलेला.
मागे काही नाही, तंबूसुद्धा नाही.
मी टाकलं आपलं. विणकामाचं मासिक होतं.
दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी.
कोण नेत होतं, कधी कळलं नाही."

पाहुआ बोटांना चिकटलेला भात
एक एक शीत काढत होती.
"वहिनी," ती म्हणाली.
"ते मासिक वहिनीचं.
पेटी भावानं ठोकली. रंग मी दिला.
पाऊस येणार होता, वाळू दिला नाही."

वेंडेल तिच्याकडे बघत राहिला.
"अकरा-अठ्ठेचाळीस?"
"अकरा-अठ्ठेचाळीस ब."
"ब!" तो म्हणाला. "तो ब कधी दिसलाच नाही मला."
"ओघळला ना," पाहुआ म्हणाली, आणि हसली,
सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात वारा फिरला.
अर्ध्यावरून उचललेलं ते पाणी
कड्यावरून वर, आमच्या अंगावर आलं,
चष्म्यावर, भातावर, रोझाल्बाच्या नव्या हॅटवर.
ती वाऱ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणाली
ते मी इथे लिहीत नाही.

उतरताना मोज्यांत कुसळं.
गाय तिथेच.
वेंडेल आणि पाहुआ पुढे,
गल्ली गल्ली घेत निघालेले :
कोपऱ्यावरची बेकरी, कुत्रेवाला दंतवैद्य,
ती वळणावरची बाई, जी पत्रं उघडायचीच नाही.
आम्ही दोघी मागे.
वाट डबक्याच्या काठानं जात होती.
पिवळं अजून एक बोट आत सरकलं असावं,
किंवा मला तसं वाटलं.