अंगठा

जोरीनं बोटीतच बजावलं होतं :
खाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे,
‘वर चला’.

लोवेना, टपालखात्यातून नुकतीच निवृत्त,
काळ्या रबरात कशीबशी कोंबलेली,
सिलीच्या खडकाशी तीन पुरुष खोल
गुडघे टेकून
नुसते श्वास मोजत होती.

तोच पायातल्या फिनला हिसका.
वळून पाहते तर मिशाळ तोंड,
डोळे काळेभोर,
आणि दातांत तिचं पिवळं रबर,
लोणचं मुरलंय का बघावं तसं
हलकेच.

कुणाचा पत्ता विचारत नव्हतं ते,
सही मागत नव्हतं.

तिचा अंगठा आपसूक वर गेला.

जोरीनं दंड धरून थेट वर आणलं.
“काय झालं? काय होतंय?”
दात वाजत होते, सांगता येईना.

बोटीआड एक ओलं टक्कल
दोघांकडे बघत राहिलं,
डाव कुणी मोडला म्हणून.