पंचेचाळीसच्या पुढं

चाळीसपर्यंत गाडी शहाणी असायची.
पंचेचाळीसला काटा टेकला
की केबिनच्या पत्र्यात आधी कुजबुज,
मग सीटखालच्या पान्यांत,
मग माझ्या दाढांत.
आरशात मागून येणाऱ्या एका एसटीच्या
दोन एसट्या व्हायच्या.

तीन महिने पैसे ओतले.
शाहूपुरीत टायर फिरवले, पुढचे मागं, मागचे पुढं.
इंजिनखालची रबरं बदलली.
क्लचप्लेट उतरवली, बघितली, तीच परत चढवली,
मजुरी मात्र नवी दिली.
एकजण म्हणाला, चासी वाकलीया.
एकजण म्हणाला, एकोणनव्वदचं मॉडेल हाय मालक,
ह्या वयात तुमचंबी हात थरथरतील.
बायकोनं लिंबू-मिरची बदलली.
सगळ्यात स्वस्त तीच पडली.

शेवटी उद्यमनगरात, दोन लेथच्या मधल्या बोळात,
दस्तगीर शिकलगार.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
"चला, जरा हिंडून येऊ."

हायवेला लागल्यावर चपला काढल्या,
तळपाय पत्र्यावर टेकवले, डोळे मिटले.
"पंचेचाळीस?"
झाले, म्हटलं.
"क्लच दाबा. गिअर काढा."
इंजिन खाली बसलं, भुरभुरत राहिलं,
गाडी आपल्याच वजनावर वाहत गेली
आणि थरथर होती तिथंच.
"इंजिनावर आळ घेऊ नका," तो म्हणाला.
"चाकाची थरथर म्हशीगत डुलत येती.
ही मुंग्या आणतीया.
चाकापरास जोरात फिरणारं काय हाय ह्यात?"

मला ठाऊक होतं.
मी रस्त्याकडं बघत राहिलो.

परतल्यावर तो पाठीवर सरकत खाली गेला.
मी उकिडवा बसून त्याच्या पायांशी बोलत होतो.
रॉकेल मागितलं. चिंधी मागितली.
ग्रीस, त्यावर करूळ घाटातली तांबडी माती,
त्यावर पुन्हा ग्रीस,
पात्यानं खरवडल्याचा आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.

"हिकडं या."

शाफ्टवर एक बाण होता, कारखान्यातच कोरलेला.
त्याच्या समोर दुसरा असायला हवा होता.
तो चार बोटं पलीकडं,
वाटणीवरनं तोंड फिरवून बसलेल्या भावासारखा.
"क्रॉस बदलला कुणी ओ?"

करूळ घाटात, रात्री दोनला,
मागं चिरा भरलेला, चाकांना दगड लावलेले,
मीच बदलला.
बॅटरी धरलेली मायाप्पानं.
सतरा वर्षांचं पोर, थंडीनं दात वाजत होते,
म्हणालं, "मालक, खूण हाय बघा हितं. बाणाला बाण."
मी म्हणालो,
"तू उजेड धर. अक्कल माझी मी धरतो."
आणि उजेड हलला म्हणून
एक ठेवूनबी दिली.
गगनबावड्यापर्यंत बोलला नाही.
कोल्हापुरात उतरला तो पगार न्यायलाही आला नाही.

हे मी दस्तगीरला सांगितलं नाही.
त्यानं पुन्हा विचारलं नाही.
शाफ्ट ओढला, फिरवला,
बाणाला बाण लावून आत लोटला.
अर्धा तास. तीनशे रुपये आणि एक चहा.
"नवीन काय टाकलं?"
"काय न्हाई."

संध्याकाळी एकटाच निघालो.
पंचेचाळीस. पन्नास. साठ.
आरशात एकच एसटी.
केबिन इतकी गप्प
की सीटखालच्या मोकळ्या जागेचा आवाज यायला लागला,
जिथं तो पाय पोटाशी घेऊन झोपायचा.

शिरोलीत एका फौंड्रीच्या गेटसमोर गाडी बाजूला घेतली.
कुणीतरी म्हणालं होतं, तिथं साचे भरतो.
पाळी सुटली. पोरं बाहेर पडली,
सगळ्यांची तोंडं एकसारखी काळी.
मी हॉर्न वाजवला.
तीसेकजण वळून बघू लागले.
एक वळलाच नाही.

तोच असणार.