निरंक

मनोरीच्या धक्क्यावर इनासनं इंजिनाला तीनदा दोरी मारली,
चौथ्यांदा शिवी हासडली. मग ते लागलं.
होडीत मोजणीचे ठोसर, त्यांची पिवळी पेटी,
आणि मी, मांडीवर कोरे नमुने
दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
बेट राखीव होणार. त्याआधी
तिथं कुणी नाही, हे कुणीतरी
जाऊन लिहून आणायला हवं.

कागदावर त्याला नुसता नंबर.
इनासच्या गावात वाकटी म्हणतात,
लांबट, चपटं,
उन्हात वाळत घातल्यासारखं दिसतं म्हणून.

चपला होडीतच काढायच्या,
हा सरकारचा नियम नव्हता, इनासचा होता.

वाळूवर कुणी नव्हतं. म्हणजे
खेकडे होते. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालाव्यात
तशा त्यांनी वाळूच्या बारीक गोळ्या वळून
सगळा किनारा मांडून ठेवला होता.
आम्ही त्यावरूनच चाललो.
दुसरी वाट नव्हती.

ठोसर म्हणाले, क्षेत्र लिहा.
मी विचारलं, भरतीचं की ओहोटीचं?
ते पाण्याकडे बघत राहिले.
ओहोटीला नऊ एकर, भरतीला अडीच.
मधले साडेसहा
दिवसातून दोनदा समुद्राच्या नावावर चढतात, दोनदा उतरतात,
याचा फेरफार कोण मंजूर करणार?

भोगवटादार: निरंक.
कुळ: निरंक.
विहिरी: निरंक.
पिकाखालील जमीन: मर्यादवेल, जांभळी फुलं,
लिहिलं आणि खोडलं. निरंक.
इतर हक्क:

आणि इनास ओरडला,
बाय, हालू नको!

माझ्या डाव्या टाचेपासून वीतभर,
उघड्या वाळूत, ना काडी ना कापूस,
दोन अंडी.
वाळूच्याच रंगाची,
वर टाकातली शाई झटकल्यासारखे ठिपके.
डोक्यावर सुरय. चिरक्या आवाजात
भांडत, वळत, थेट केसांत झेपावणारी.
एकदा चोच लागलीसुद्धा.
अकरा वर्षांच्या नोकरीत
माझ्यावर पुष्कळ लोक ओरडलेत,
कोयता घेऊन आलेत, तान्हं पोर टेबलावर ठेवून रडलेत.
इतकी स्वच्छ हरकत
कुणी घेतली नव्हती.

मी एका पायावर उभी.
ठोसर हसले, मग गप्प झाले.
मी मागच्या मागे,
माझ्याच ठशांत पाय ठेवत परत आले.

खडकावर बसून सुकी करंदी, तांदळाची भाकरी.
पाण्यापलीकडे चारकोपच्या इमारती, पांढऱ्या फटक.
त्यातल्या एकीत सातव्या मजल्यावर
माझे चारशे दहा चौरस फूट,
दोन नावं आणि बँकेचा बोजा.
इथून कुठली ती ओळखता येत नाही.

इनास म्हणाला, माझी आय हितं कालवं काढायची.
राखीव झाल्यावर आमी यायचं का नाय?
ठोसर म्हणाले, पुरावा?
तो उठला, होडीच्या तळातून
गंजलेली आखूड कोयती घेऊन आला.
लाकडी मुठीला अंगठ्याची खोबण पडलेली.
ठोसरांनी ती हातात घेतली,
स्वतःचा अंगठा त्यात बसवून पाहिला,
बसला नाही.
न बोलता परत दिली.

मी पिशवीतून नमुना काढला.
इतर हक्क: कालवं. कातरीनबाय, राहणार मनोरी.
त्याखाली: सुरय एक, अंडी दोन.
हरकत तोंडी. समक्ष ऐकली.

वरचे साहेब तांबडी रेघ मारतील.
ठोसर म्हणालेच तसं.
पण सही त्यांनी केली,
तारीख घातली, आणि वेळही,
कारण पाणी चढत होतं
आणि क्षेत्र पुन्हा बदलायला लागलं होतं.

खेकड्यांच्या गोळ्या गेल्या, आमची पावलं गेली.
इंजिन या वेळी
पहिल्याच दोरीला लागलं.